घोड्याचं नाव काय?

मध्यमवर्गीय मराठी पुरुषाच्या आयुष्यात घोडा एकदाच येतो, आणि तो येतो तेव्हा ती बहुधा घोडी असते. वरातीतली. वर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, खाली जरीची झूल घातलेलं एक सोशिक जनावर, पुढे बँड, बाजूने गॅसबत्त्या. पाच मिनिटांत नवरदेवाच्या मांड्यांना रग लागते, दहा मिनिटांत कमरेत उसण भरते. पण चेहरा असा की पानिपत जिंकून थेट इकडेच आलो. (पानिपत जिंकून कोणीच आलं नव्हतं, हे त्या घटकेला आठवत नाही.) लगाम अर्थातच मोतद्दाराच्या हातात. पुढच्या संसाराची ही रंगीत तालीमच असते, पण ती तालीम आहे असं त्याला कोणी सांगत नाही.

एवढ्या तुटपुंज्या ओळखीवर पुरुषांनी सगळी मराठी भाषा घोड्यांनी भरून टाकली आहे. कुणाचं घोडं मध्येच पेंड खातं, कुणाचं गंगेत न्हातं, कुणाचं वरातीमागून येतं. परीक्षा जवळ आली की घोडामैदान, काम पुढे सरकलं की घोडदौड, आणि चूक मोठी झाली की तीही घोड्याच्याच नावावर. बायकांच्या वाट्याला या सगळ्या पागेतून एकच शब्द आला : घोडनवरी. तोही टोचायला. घोडनवरा असाही शब्द आहे म्हणा, पण तो हसत हसत वापरतात आणि त्याला पुढे मुलगीही मिळते.

बायका घोड्याशी कशा वागतात आणि पुरुष कसे वागतात, हे मी गेली चाळीसहून अधिक वर्षं बघतो आहे. मी घोडेस्वार नाही. पण क्रिकेटवर लिहिणाऱ्यांतले निम्मे लोक कुठे खेळलेले असतात?

माझं लग्न १९७९ साली झालं. बँकेतल्या कारकुनाला काश्मीर परवडत नव्हतं आणि नाशिकला मावशी होती, म्हणून आम्ही माथेरानला गेलो. माथेरानचं एक बरं आहे, तिथे मोटार येत नाही. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब तो डोंगर चढून गेले, १९०७ साली पीरभॉय घराण्याने नेरळहून झुकझुक गाडी वर नेली, आणि तिथेच यंत्रयुगाने हात टेकले. अलीकडे विजेच्या रिक्षा फिरू लागल्या आहेत, पण १९७९ साली आपले पाय, माणसाने ओढायची रिक्षा आणि घोडा एवढेच तीन पर्याय होते. तांबड्या मातीतून, जांभळीच्या सावलीतून घोड्यावरून जाणारा मी, हे चित्र मी साखरपुड्यापासून मनात रंगवत होतो. चित्रात ही दुसऱ्या घोड्यावर होती.

प्रत्यक्षात मी घोड्यावर बसलो. म्हणजे घोडेवाल्या पोराने मला बसवलं. आणि ही म्हणाली, "अहो, सहावारीत कसं बसायचं?" प्रश्न बिनतोड होता. मग दोन दिवस आम्ही असे हिंडलो की मी वर, ही खाली. मधुचंद्राला गेलेल्या जोडप्याच्या डोक्यांमध्ये चार फुटांचं अंतर. मी वरून सृष्टिसौंदर्याबद्दल काही बोलायचो, ते वाऱ्यावर जायचं. ही त्या पोराशी बोलत चालायची. रात्री हॉटेलात मी म्हटलं, "मस्त होता नाही घोडा?" तर ही म्हणाली, "बादल." म्हटलं, "काय?" म्हणाली, "नाव त्याचं. बादल. नऊ वर्षांचा आहे. मागच्या डाव्या पायाचा नाल सैल झालाय, उद्या ठोकून घेणार आहेत. आणि त्याला चिक्की फार आवडते."

दोन दिवस मी ज्याच्या पाठीवर होतो, त्याच्याबद्दल मला एवढीच माहिती होती की त्याला कान दोन आहेत.

सहावारीचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात राहिला. आपल्या आज्या-पणज्या नऊवारीचा काष्टा मारून खुशाल घोड्यावर मांड ठोकायच्या. लक्ष्मीबाईला कुणी विचारलं नव्हतं की कसं बसायचं. फॅनी पार्क्स नावाच्या एका इंग्रज बाईने आपल्या हिंदुस्थानातल्या भटकंतीचं पुस्तक १८५० साली छापलं, त्यात या प्रकरणाची हकीकत आहे. १८३५ साली ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे राज्याबाहेर पडून फतेगडला मुक्कामाला होत्या, तिथे ही मडम त्यांना भेटायला गेली. घोड्यांचा विषय निघाला. इंग्रज बायकांचं खोगीर तेव्हा वेगळंच असे. दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून, भाजीच्या पाटीसारखं बसायचं. ते पाहून छावणीतल्या मराठा बायकांची मजेदार करमणूक झाली. मग त्यांनी पार्क्सबाईला आपल्यासारखं लुगडं नेसवून, आपल्यासारखी मांड ठोकून बसवलं. बाईला ते इतकं सुखाचं वाटलं की बायकांना एका अंगावर बसायची रीत लावून दिल्याबद्दल तिने आपल्याच एलिझाबेथ राणीच्या नावाने बोटं मोडली. ही एवढी रीत आपल्याकडे होती आणि आपण ती सहावारीच्या निऱ्यांत हरवून टाकली. पुढे पंजाबी ड्रेस आला तेव्हा कुठे मराठी बाई पुन्हा घोड्यावर चढली. तोपर्यंत माथेरानच्या लाल धुळीत किती नव्या चपला लाल झाल्या असतील!

त्यानंतर माथेरानला आम्ही पाच-सहा वेळा गेलो, आणि घोडेतळाजवळच्या एका चहाच्या टपरीत बसून मी लोक बघत राहिलो. त्यासारखी करमणूक नाही. पुरुष घोड्याजवळ येतो तो आधी भाव विचारतो. मग घोड्याला एकदा आपादमस्तक न्याहाळतो, जणू याच्या सात पिढ्या पागेत गेल्या. वर चढतो, छाती पुढे काढतो आणि घोडेवाल्याला म्हणतो, "लगाम दे इकडे." घोडेवाला देतो. त्याला ठाऊक असतं की लगाम कोणाच्याही हातात दिला तरी फरक पडत नाही. तो घोडा त्या वाटेने दिवसातून चारदा जातो. एको पॉइंट आला की तो थांबणार, लिंबूपाण्याच्या गाडीपाशी वळणार आणि परतीला आपोआप जरा भराभर चालणार, कारण तिकडे चंदीचा तोबरा आहे. पण वर बसलेला गृहस्थ प्रत्येक वळणावर लगाम खेचून घोड्याला 'वळवत' असतो. खालून मुलगा फोटो काढतो. परत आल्यावर गृहस्थ उतरतात, घोड्याच्या पुठ्ठ्यावर फाडकन एक थाप मारतात आणि घोडेवाल्याला सांगतात, "चांगला आहे घोडा. जरा सुस्त आहे, पण मी आणला लायनीवर."

बाई आली की पहिला प्रश्न घोडेवाल्याला. "चावत नाही ना?" दुसरा, "पाडत नाही ना?" तिसरा, आणि इथे खरी मौज आहे, "खाल्लंय का याने सकाळपासून?" वर चढते ती खोगिराची मूठ दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, कुलदैवताचं नाव घेत. लगामाला हातच लावत नाही. पण पन्नास पावलांवर तिचं बोलणं सुरू झालेलं असतं. "हळू हां राजा. दमलास का? अरे, तो दगड बघ, दगड बघ." घोडा दगड बघतो की नाही ते सांगता येत नाही, कान मात्र मागे वळवतो. घोड्याच्या कानांचं हे एक आहे, ते पाहिजे त्या दिशेला स्वतंत्रपणे वळतात. पुढचा कान रस्त्याकडे आणि मागचा पाठीवरच्या बाईकडे, असा संसार घोडा सहज करतो. नवऱ्यांना हे जमत नाही.

सगळेच तसे नसतात, हे कबूल. एकदा एक बाई भेटल्या त्यांनी घोडा, घोडेवाला आणि स्वतःचे यजमान या तिघांनाही एकाच आवाजात रांगेत उभं केलं होतं. आणि एक आजोबा रोज सकाळी एका म्हाताऱ्या घोड्यापाशी येऊन नुसते उभे राहायचे, बसायचे कधीच नाहीत. पण माझा एकंदर हिशेब सांगतो : पुरुष घोड्यावर बसतो ते लोकांनी बघावं म्हणून, आणि बाई बसली की तिला वाटतं, कोणी बघू नये.

आणि नावाची गोष्ट. 'शोले' आपण सगळ्यांनी पाहिला आहे, काहींनी तर नोकरी धोक्यात घालून. १९७५ चा सिनेमा. त्यात गब्बरच्या टोळीकडे केवढे घोडे आहेत! डोंगर उतरतात, आगगाडीमागे धावतात, गोळ्या खातात. त्यांतल्या एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं? आठवणार नाही, कारण कोणी ठेवलंच नाही. साऱ्या रामगडात नाव लक्षात राहिलं ते टांगेवाल्या बसंतीच्या धन्नोचं. तुम्ही म्हणाल, राणा प्रतापांचा चेतक? खरं आहे. पण चेतकाला त्या नावासाठी हळदीघाटात मरावं लागलं. धन्नोला नुसतं टांग्याला जुंपून घ्यावं लागलं आणि दिवसभर बसंतीचं ऐकावं लागलं. यांपैकी अवघड कोणतं, याबद्दल आमच्या घरी दोन मतं आहेत.

हे सगळं सहलीचं झालं. खरं घोड्यावर बसणं कसं शिकतात ते मी पाहिलं माझ्या भाचीमुळे. पुण्यात ती रविवारी सकाळी घोडेस्वारीच्या वर्गाला जायची, आणि तिचे वडील फिरतीवर असले की तिला पोचवायचं काम माझ्याकडे. शिकवणारे घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदार. मिशा अशा की घोड्यांनीही अदबीने उभं राहावं. वर्गात मुलगेही होते, मुलीही, आणि मुली जास्त होत्या. नवा मुलगा आला की त्याचा पहिला प्रश्न, "सर, पळवायला कधी मिळणार?" नवी मुलगी आली की, "सर, याचं नाव काय?" रिसालदारसाहेब दोघांनाही एकच उत्तर द्यायचे. हातात खरारा द्यायचे आणि सांगायचे, "पहिले मालिश."

कुंपणाबाहेरचा वर्ग आणखी प्रेक्षणीय. तिथे बापलोक उभे असत. आयुष्यात वरातीपलीकडे घोडा न पाहिलेले हे लोक बाहेरून ओरडायचे, "टाच मार! दाबून बस! घाबरू नकोस त्याला, कळतं त्यांना!" आया गाजरं घेऊन यायच्या आणि मुलाचा घोडा दुडक्या चालीला लागला की पदराने डोळे झाकायच्या. टाच मारण्याच्या त्या आरोळ्या ऐकून एकदा रिसालदारसाहेब माझ्यापाशी येऊन म्हणाले, "साहब, घोड्याच्या अंगावर माशी बसली तरी तिथलं कातडं हलतं. एवढं त्याला कळतं. त्याला टाच कशाला मारायची? शेजाऱ्याला हाक मारायला त्याच्या कानाशी सुतळीबाँब लावता का तुम्ही?" मग थोडं थांबून म्हणाले, "मुलगा हुकूम देतो, मुलगी विनंती करते. घोडा दोन्ही ऐकत नाही. तो मांडी ऐकतो." त्या वर्गातला सगळ्यात हलका हात, त्यांच्या मते, एका अकरा वर्षांच्या मुलाचा होता. हा मुलगा खरारा करताना घोड्याला आपले गणिताचे मार्क सांगायचा. घरी सांगायच्या आधी.

एका पावसाळ्यात भाची पडली. घोडा कशाला तरी बुजला, ही डाव्या खांद्यावर आली आणि हंसळीचं हाड मोडलं. तिला उचलायला मी धावलो तर म्हणते, "मामा, त्याला बघ आधी, त्याच्या पायात लगाम अडकलाय." घरी परिषद बसली. कुंपणाबाहेरून दाबून बसायला सांगणारे आमचे मेहुणे म्हणाले, "बस झालं. यापुढे घोडा बंद. बुद्धिबळ शीक, त्यातही घोडा असतो." माझी बहीण काहीच बोलली नाही. पदराने डोळे झाकणारी हीच बाई. हाताची झोळी निघाली त्या रविवारी सकाळी साडेसहाला तिने स्कूटर काढली, पोरीला मागे बसवलं आणि वर्गावर नेऊन सोडलं. डोळे त्या दिवशीही झाकले. पण नेलं तिनेच.

हा खेळ तसा न्यायाचा आहे. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या स्पर्धा पुरुषांच्या वेगळ्या आणि बायकांच्या वेगळ्या नसतात. दोघं एकाच मैदानात, एकाच नियमाने उतरतात. असं नेहमीच होतं असं नाही. फार वर्षं हा लष्करी अधिकाऱ्यांचाच मामला होता. १९५२ साली हेलसिंकीला प्रथमच बायकांना त्यात घेतलं, तेही फक्त ड्रेसाज या प्रकारात, म्हणजे घोड्याकडून नुसत्या इशाऱ्यांवर नाजूक पावलं टाकून घ्यायची त्यात. उड्या मारायला १९५६ साली, आणि तीन दिवसांच्या सर्वांत कठीण स्पर्धेला १९६४ साली. तर त्या हेलसिंकीला डेन्मार्कची लिझ हार्टेल उतरली. १९४४ साली तिला पोलिओ झाला होता, तेव्हा ती गरोदर होती. गुडघ्यांखाली पाय गेलेले. घोडीवर तिला दुसऱ्यांनी बसवावं लागे आणि दुसऱ्यांनीच उतरवावं लागे. सगळी लष्करी मंडळी एका बाजूला आणि ही एका बाजूला. तिने रुपेरी पदक घेतलं आणि चार वर्षांनी पुन्हा घेतलं. मी हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा रिसालदारसाहेब आठवले. या बाईला टाच मारायची सोयच नव्हती. घोडीचं नाव ज्युबिली.

आपल्याकडचंही सांगायला हवं. २०२३ साली हांगझाऊच्या एशियाडमध्ये याच प्रकारात भारताच्या संघाने सुवर्णपदक आणलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण एकेचाळीस वर्षांनी आलं. चौघांच्या संघात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह या दोन मुली, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला हे दोन मुलगे. दोनास दोन. मी पेपर हिच्यापुढे धरला. हिने तो नीट वाचला आणि विचारलं, "घोड्यांची नावं नाही दिली?"

आता सारंगखेड्याचं सांगतो.

माझे मेव्हणे, म्हणजे हिचे थोरले भाऊ, शिरपूरकडे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर माणूस बाग लावतो, सत्संग धरतो नाहीतर पतसंस्थेत उभा राहतो. मेव्हण्यांनी घोडी घ्यायचं ठरवलं. त्यांच्या बैठकीत त्यांच्या वरातीचा फोटो आहे, चौकटीसह, गांधीजींच्या शेजारी. तो अडतीस वर्षं रोज बघितल्याचा हा परिणाम असावा. वहिनींनी एवढंच विचारलं, "दूध देणार आहे का?" आणि त्या यायला नको म्हणाल्या. मग २०१९ च्या दत्तजयंतीला मेव्हणे, ही आणि मी सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी. दत्ताची यात्रा, आणि तिथला घोडेबाजार सगळ्या देशात नावाजलेला. राजस्थानापासून पंजाबापर्यंतचे घोडे येतात. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेले मारवाडी घोडे, काठेवाडी घोडे, अबलख, पंचकल्याणी. मेव्हण्यांनी महिनाभर अभ्यास केला होता. देवमण कुठे असावा, कोणता भोवरा धन्याला खातो, चार पाय आणि कपाळ पांढरं असलं तर काय, सगळं वहीत. एका बाजूला एक माणूस लालसर रंगाची काठेवाडी घोडी घेऊन उभा होता. मेव्हणे थबकले. मग सुरू झालं. तिचा जबडा उघडून दात मोजले. भोवरे मोजले. चालवून दाखव म्हणाले. वळवून दाखव म्हणाले. रंग जरा अजून उजळ असता तर, म्हणाले. मी तरुणपणी पुष्कळ मुली पाहण्याच्या कार्यक्रमांना मित्रांबरोबर गेलो आहे. फरक एवढाच की इथे पोहे नव्हते.

मग मेव्हणे वर चढले, दोन माणसांच्या मदतीने. छाती काढली. टाच मारली. घोडी हलली नाही. पुन्हा मारली. घोडीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघू लागली. तिसऱ्यांदा मारल्यावर तिने शेपटीने एक माशी हाकलली. मेव्हणे उतरले आणि म्हणाले, "जात चांगली आहे." दलाल पुढे झाला, त्याने रुमाल टाकला आणि रुमालाखाली बोटं धरून भावाची बोलणी सुरू झाली.

ही इतका वेळ घोडीच्या मानेवरून हात फिरवत उभी होती. तिने त्या माणसाला विचारलं, "का विकताय हिला?"

बाजारात हा प्रश्न कोणी विचारत नाही. किती, कधीची, खोड काय, हे विचारतात. तो माणूस हातातल्या दोराकडे बघत राहिला. ही धुळ्याची, त्यामुळे पुढचं सगळं अहिराणीत झालं. माझ्या कानात शिरलं तेवढं सांगतो. घोडी त्याच्या मुलीची. शिंगरू असल्यापासून मुलीने वाढवलेली. तिला चंदी तीच घालायची, खरारा तीच करायची, सबंध पंचक्रोशीत त्या घोडीवर ती एकटीच बसायची. मेमध्ये मुलीचं लग्न झालं, सुरतेला दिली. तेव्हापासून घोडी चंदी अर्धी टाकते. त्याची स्वतःची पाठ धरलेली. एखादं जनावर आपल्या दावणीला असं वाळत गेलेलं बघवत नाही, म्हणाला.

"मुलीला माहीत आहे, बाजारात आणलीय ते?" हिने विचारलं.

तो गप्प.

"फोन लावा," ही म्हणाली. "ती ओळखते हिला. कोणाला द्यायची ते तिलाच विचारा."

फोन लागला. बाप काय बोलला ते बाजाराच्या गलक्यात ऐकू आलं नाही. मग त्याने फोनचा आवाज मोठा केला आणि तो घोडीच्या तोंडाशी धरला. पलीकडून एक शब्द आला, "मोरणी." घोडीचे दोन्ही कान फोनकडे वळले आणि ती चक्क एक पाऊल पुढे आली. मेव्हण्यांच्या तीन टाचांनी जे झालं नव्हतं ते.

थोडा वेळ पलीकडे कोणी बोललं नाही. मग मुलीने नाक ओढलं आणि एकदम कामाचंच बोलायला लागली. चंदीत चिमूटभर गूळ घाला. तंग दोनदा आवळा, पहिल्यांदा ती पोट फुगवून ठेवते. ट्रॅक्टरला बुजते. उजव्या कानाला हात लावलेला खपत नाही. पाणी आधी, चंदी मग. ही माझ्या खिशातलं पेन आणि विजेचं बिल काढून बिलाच्या मागच्या बाजूला लिहून घेत होती. दलाल ऐकत होता. मेव्हणे ऐकत होते. त्या दोघांची बोटं रुमालाखाली तशीच एकमेकांच्या हातात होती, आणि भाव कुठवर आला होता ते दोघंही विसरले होते.

शेवटी मुलीने विचारलं, "घेणारे टाच मारतात का हो?"

सगळ्यांनी मेव्हण्यांकडे बघितलं. मेव्हण्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"मारायचे," ही फोनमध्ये म्हणाली. "आता नाही मारणार."

पलीकडे पुन्हा जरा वेळ शांतता. मग मुलगी म्हणाली, "बाबांना सांगा, तिचा खरारा पण बरोबर द्या. तिला दुसरा चालत नाही."